कायमचं नाव

भेस्तान, सुरत
१२ जानेवारी १९९२

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

तुझं नोव्हेंबरचं पत्र परवा पोचलं. पाकिटावर ज्या देशाची तिकिटं आहेत तो देश मधल्या काळात बंद झाला. पोस्टमनने तिकिटं मागितली, त्याचा मुलगा जमवतो म्हणे. मी दिली नाहीत.

पत्र मी घरात मोठ्याने वाचलं, कारण आत्याला वाचता येत नाही आणि आबांच्या चष्म्याची काडी तुटली आहे. त्यामुळे 'ऑक्टोबरमध्ये मी आणि ल्युदमिलाने लग्न केलं' हे वाक्य सगळ्यांनी एकाच वेळी, माझ्या तोंडून ऐकलं. मी मध्ये थांबले नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलं.

आबा म्हणाले, "सीते, तुझा पोरगा ताश्कंदला कापडाचं शिकायला गेला होता ना?" तुझी आई चुलीपाशी होती. तव्यावरची भाकरी करपली. मग तिने मलाच विचारलं, "तो देश गया ना व माय? मंग लगन ऱ्हायनं का?"

घरात डिप्लोमा झालेली मी एकटीच, त्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असावीत अशी समजूत आहे. मी उधन्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन राज्यशास्त्राचं पुस्तक पाहिलं. राज्य ठरायला चार गोष्टी लागतात: कायमची लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार, आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. एक राज्य मोडून दुसरं आलं तरी जुन्याने नोंदवलेली लग्नं नव्याने चालू धरायची असतात. नाहीतर सगळी माणसं एका रात्रीत अविवाहित होतील. आत्याला सांगितलं, लग्न राहिलं. ती "बरं शे" म्हणाली आणि नळावर गेली.

आबांचं म्हणणं वेगळं आहे. "त्यांच्या देशात राहिलं असेल. माझ्या घरात नाही." पुस्तकात यावरही आहे. मान्यतेबद्दल दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, इतरांनी मानलं तरच राज्य अस्तित्वात येतं. दुसरा म्हणतो, ते असतंच, इतर फक्त कबूल करतात. आबा पहिल्या पंथाचे आहेत.

मी दुसऱ्या. म्हणून तुम्हा दोघांचं अभिनंदन.

माझी नोकरी ठीक चालू आहे. गिरणीच्या प्रयोगशाळेत धाग्याचा पीळ आणि ताण तपासते.

रूपाली

---

ताश्कंद
९ फेब्रुवारी १९९२

प्रिय रूपाली,
जयभीम.

तुझं पत्र ल्यूदाला भाषांतर करून सांगितलं. दोन पंथांवर ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. हसायला इथे फारसं काही उरलेलं नाही. पावासाठी पहाटेपासून रांग असते आणि आमच्या संस्थेच्या नावाची पाटी वर्षभरात दुसऱ्यांदा बदलली.

तूच अभिनंदन करणार हे मला ठाऊक होतं. मोठी माणसं लहानपणी आपल्या दोघांची थट्टा करायची, मामाची पोर आणि आतेभाऊ म्हणून. आठवतं? आपण किती हसायचो. तुझ्याइतकी समजूतदार बहीण कुणाला मिळत नाही.

आता काम सांगतो. मेमध्ये माझी पदवी हातात येईल. तिला घेऊन सुरतेला यायचं आहे. पण तिच्या पासपोर्टवर त्या संपलेल्या देशाचं नाव आहे. इथला नवा देश म्हणतो, तू इथली कायमची रहिवासी नाहीस, तू फक्त शिकायला आलेली. तिचं गाव बेंदेर, इथून चार दिवसांच्या रेल्वेवर, एका नदीच्या काठी. ते गाव आता मोल्दोवा नावाच्या नव्या देशात आहे. पण नदीकाठच्या लोकांनी त्या देशातूनही फुटून आपला आणखी एक देश जाहीर केला आहे आणि त्याला जगात कुणी मानत नाही. तिच्या पासपोर्टात जातीसारखी एक ओळ असते, 'राष्ट्रीयता'. बाप युक्रेनी म्हणून तिथे युक्रेनी लिहिलंय. त्या देशात ती एक दिवसही राहिलेली नाही.

भारतीय वकिलातीत व्हिसाच्या खिडकीवर सांगितलं की भारतातल्या नोकरदार नातेवाइकाचं हमीपत्र आणा, ही आमची सून आहे आणि तिचा खर्च आम्ही करू असं, कोर्टातून शपथेवर केलेलं. जुना पासपोर्ट चालतोय तोवर हे व्हायला हवं. असा नातेवाईक मला एकच, तुझे आबा, रेल्वेतले फिटर भाऊराव मामा. त्यांना मी पत्र लिहिलं तर ते फाडतील. तू बोल.

तुझा
धम्मरत्न

---

भेस्तान
२२ मार्च १९९२

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

हमीपत्र झालं आहे. आबांनी स्वतः उधना पोस्टातून रजिस्टर केलं. कसं झालं ते लिहिते.

पहिले आठ-दहा दिवस मी विषय काढला नाही. मग माझ्या जातीच्या दाखल्याचं काम निघालं. सुरतेच्या खिडकीवर सांगतात, तुम्ही मूळचे महाराष्ट्राचे, तिकडून आणा. आबा रजा टाकून पारोळ्याला गेले. तिथे म्हणाले, मुलीचा जन्म सुरतेचा, तिकडेच मागा. परत आले तेव्हा बूट न काढता ओट्यावर बसले. म्हणाले, "म्हणजे तू कुठलीच नाहीस."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही दोन खिडक्यांवर जे ऐकलं, तेच ल्युदमिला तीन खिडक्यांवर ऐकते आहे. चौथी खिडकी आपली."

"मोठी वकील झाली. तुला काही वाटत नाही का गं?"

"कशाचं?"

त्यांनी वाकून बूट काढले. मग म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो. काय लिहायचं ते इंग्रजीत काढून दे."

मी मजकूर काढून दिला, कोर्टात ते एकटेच गेले. मला प्रयोगशाळेतून सुट्टी नव्हती. संध्याकाळी पेढे घेऊन आले. पेढे पाहून आत्या रडली, आणि मग तिने जे ठरवलं ते तुला आधी कळवायला हवं. तिने सुनेचं नाव ठेवलं आहे. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, आणि तुझं लग्न तिच्या डोळ्यांसमोर झालं नाही, म्हणून निदान नाव तरी. "मनी सून शे ती. तिले नाव नको का?" ल्युदमिला म्हणायला मी शिकवत होते. तर म्हणे, "मनी जीभ वळत नही व माय."

नाव यशोधरा. ते घरात बऱ्याच वर्षांपासून तयार होतं. आत्याने मला विचारलं, "देऊ का?" मी म्हटलं, दे.

गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या मालतीबाई म्हणाल्या, "गोरी सून येणार, आता सीताबाई चुलीपुढे बसायच्या नाहीत." आत्याने त्याच आठवड्यात स्टीलचं मोठं ताट घेतलं आणि दुकानातच त्यावर नाव घालून आणलं. ते फळीवर उभं ठेवलं आहे, नाव पुढे करून.

ल्युदमिलाला सांग, इथे मेमध्ये उकाडा फार असतो. सुती कपडे आण म्हणावं.

रूपाली

---

ताश्कंद
३ मे १९९२

प्रिय रूपाली,

हमीपत्र मिळालं. मामांची सही पाहून मी त्या कागदाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर दिला आणि परत आला.

त्यात सुनेचं नाव 'यशोधरा धम्मरत्न' असं आहे. ल्युदमिला हा शब्द कागदावर कुठेच नाही. कारकून भला माणूस होता, नागपूरकडचा. म्हणाला, "आपल्याकडची रीत मला कळते हो, माझ्याही बायकोचं नाव बदललंय. पण हमी एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. मी व्हिसा कुणाला देऊ?" नुसतं 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं असती तरी चाललं असतं. आता नवं हमीपत्र हवं. टपालाचे जाऊन-येऊन दोन-अडीच महिने धर.

ल्यूदा चिडली नाही. तिने नावाचा अर्थ विचारला. मी राजपुत्राची, तो घर सोडून गेला त्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मागे राहिलेली बायको? मग हे नाव माझं नाही. मागे राहिलेल्या दुसऱ्या कुणाला द्या." मग म्हणाली, "वर्षभरात माझा देश बदलला, रस्त्याचं नाव बदललं, नोटा बदलणार म्हणतात. आईने हाक मारायचं तेवढं एक राहिलंय. ते मी ठेवते. तुझ्या आईला सांग, तिने काहीही म्हटलं तरी मी ओ देईन. कागदावर मात्र माझं मला असू दे."

तुझी पत्रं ती नेहमी पुन्हा वाचायला लावते. एकदा विचारलं, रूपाली तुझी कोण? म्हटलं, बहीण. "असं?" म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

नवा कागद येईपर्यंत इथे बसून काय करायचं? जूनच्या सुरुवातीला ती बेंदेरला आईला भेटायला जाते आहे. एकदा सुरतेला आलो की पुन्हा कधी भेट होईल कोण जाणे. जन्मनोंदीचा उताराही आणेल. माझी पदवी लांबली, त्यासाठी मला इथे थांबावं लागेल.

कागद लवकर कर.

धम्मरत्न

---

भेस्तान
२८ मे १९९२

धम्मरत्न,

पत्र आज दुपारी मिळालं. संध्याकाळीच आबांना घेऊन कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे गेले. आबांनी विचारलं, "पहिला चालला नाही?" मी म्हटलं, शिक्का पुसट उठला होता. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. उद्या नोटरी करून पाठवते.

आबा पाणी प्यायला गेले तेव्हा टायपिस्टशी बोलले, त्याला मागचा कागद आठवत होता. मी काढून दिलेल्या मजकुरात ल्युदमिला हेच नाव होतं. त्याने तेव्हा आबांना विचारलं होतं, "काका, वहुनुं कायमनुं नाम कयुं?" सुनेचं कायमचं नाव कोणतं, म्हणून. आबांनी यशोधरा सांगितलं. सुनेचं माहेरचं नाव कागदावर ठेवायचं म्हणजे तिला अजून घरात घेतलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला पूर्णपणे घरात घेतलं होतं, त्यामुळे हे झालं.

आत्याला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही कधी लिहू नकोस.

दुसरं. इंग्रजी पेपरात मी मार्चपासून त्या नदीबद्दल वाचते आहे. दोन्ही काठांवर हत्यारबंद माणसं आहेत. बेंदेरला पूल एकच आहे आणि तो दोघांनाही हवा आहे. मोल्दोवाला जग मानतं, म्हणून त्याला ते आपल्याच घरात शिस्त लावणं वाटतं. पलीकडच्यांना ते परक्याचं आक्रमण वाटतं. अशा ठिकाणी मध्यस्थी करायला कुणी येत नाही, कारण आधी हे घर कुणाचं ते ठरावं लागतं.

थांबवता आलं तर तिला थांबव. आईला ताश्कंदला बोलावता येईल का बघ.

रूपाली

---

ताश्कंद
१४ सप्टेंबर १९९२

रूपाली,

तुझं मेचं पत्र आणि हमीपत्र चार जुलैला एकाच दिवशी मिळालं. ती सहा जूनला गेली होती.

वीस जूनला, शनिवारी. पाव आणायला बाहेर पडली होती. बेंदेरमध्ये आदल्या संध्याकाळपासून लढाई चालू होती, पण सकाळी जरा शांत झालं म्हणून ती गेली. आईने नको म्हटलं होतं. दोन दिवस कुणाला रस्त्यावर जाता आलं नाही. हे सगळं मला ऑगस्टमध्ये शेजारणीच्या पत्रातून कळलं. त्याआधी दोन महिने मी रोज स्टेशनवर जात होतो.

हमीपत्र अगदी बरोबर आहे. कारकुनाने पाहून सांगितलं.

मी तिकडे जाऊन येतो. आईला सांग. कसं ते तूच ठरव.

धम्मरत्न

---

भेस्तान
१९ ऑक्टोबर १९९२

धम्मरत्न,

सांगितलं. पत्र वाचून दाखवलं नाही, शब्दांत सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि ताट फळीवरून काढून आपल्या गोधडीखाली ठेवलं. आबा दोन दिवस कामावर गेले नाहीत.

मृत्यूचा दाखला घे. पुढे लागेल.

जेवत जा.

रूपाली

---

ताश्कंद
१० जानेवारी १९९३

प्रिय रूपाली,
जयभीम.

तिच्या आईकडे पाच आठवडे राहून आलो. खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे लावलेले. म्हातारी मला रोज विचारायची, तुमच्याकडे गेली असती तर तिला तुम्ही काय म्हणून हाक मारली असती? मी म्हणायचो, ल्यूदा. खोटं बोलायचो असं वाटत नाही. माझ्या आईने शेवटी तेच म्हटलं असतं.

दाखला मिळाला. पण तो त्या न मानलेल्या देशाच्या शिक्क्याचा आहे, गावात दुसरं कचेरी म्हणून काही नाही. इथल्या खिडकीवरच्या नागपूरकराने तो दोन्ही हातांत धरून वाचला. "वाईट झालं हो. पण हा शिक्का ज्या राज्याचा, ते राज्य आमच्या दप्तरी नाही." म्हणजे कागदोपत्री माझी बायको जिवंत आहे. रूपाली, मला एक क्षण बरं वाटलं. वेड्यासारखं.

मार्चमध्ये मी परत येतोय. कायमचा.

आता जे लिहितो ते कसं लिहावं कळत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आईचं पत्र आलं, शेजारच्या जयश्रीकडून लिहून घेतलेलं. तुला माहीत असेलच असं धरतो. तिने लिहिलंय, 'नाव रिकामं पडलं. रूपाली घरचीच आहे, तिने अजून कुणाला होकार दिला नाही. माझे डोळे मिटायच्या आत नावाला माणूस मिळू दे.' मी काय सांगू? माझ्यात आता कुणाला द्यायला काही नाही. पण एकाच घरात राहायचं आहे, आईची इच्छा आहे, आणि तू तर कधीच कशाला नाही म्हणाली नाहीस. तुझी हरकत नसेल तर माझी नाही.

तुझा
धम्मरत्न

---

भेस्तान
१६ फेब्रुवारी १९९३

प्रिय धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

आत्याच्या पत्राची मला कल्पना नव्हती. तुझ्याच पत्रातून कळलं.

आधी इकडचं लिहिते. डिसेंबरात सुरतेत काय झालं ते तिकडेही कळलं असेल. आमच्या भागात कमी होतं. प्रयोगशाळेतून घरी येताना उधन्याला एका गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. येणाऱ्याला एकच प्रश्न विचारत होती, नाव काय. मी सांगितलं. बाजूला झाले आणि मी पुढे गेले. माझ्यामागून एक बाई येत होती. तिला विचारलेलं ऐकू आलं, तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मी वळून पाहिलं तोवर तिथे पोलिसांची गाडी आली होती. तिचं काय झालं मला माहीत नाही. त्या संध्याकाळपासून ल्युदमिलाचं ते वाक्य, कागदावर माझं मला असू दे, मी पुन्हा पुन्हा वाचते.

गेल्या रविवारी आम्ही घरी पुण्यानुमोदन केलं. तू येईपर्यंत थांबावं असं आबांना वाटत होतं, आत्या थांबायला तयार नव्हती. दाखल्याची जी प्रत तू पाठवलीस ती मी आबांना वाचून दाखवली होती. शिक्का कुणाचा, तो कोण मानतं, कोण मानत नाही, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शिक्का कुणाचा का असेना. पोरगी गेली हे तर खरं आहे ना?" आबा आता दुसऱ्या पंथाचे झाले.

बौद्धाचार्यांनी दिवंगताचं नाव विचारलं तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलली. "लुदमीला." गेला आठवडाभर नळावर, चुलीपाशी ती पुटपुटत होती ते काय, हे मला तेव्हा कळलं. उच्चार बरोबर नव्हता. मी दुरुस्त केला नाही. सगळ्यांनी तसाच म्हटला.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. नाही.

कारण लिहिते, नाहीतर तू दुसरंच काहीतरी धरून चालशील. मी सात वर्षांची असल्यापासून आत्या मला, घरात दुसरं कुणी नसताना, यशोधरा म्हणायची. तुला हे माहीत नव्हतं. मोठ्यांच्या थट्टेवर आपण दोघं हसायचो असं तू लिहिलं होतंस. तू हसायचास. मी तुझ्याबरोबर असायचे. ते नाव तुझ्या बायकोला द्यायचं ठरलं तेव्हा मला विचारलं गेलं आणि मी दे म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं, निदान तसं म्हणता यावं म्हणून आधी बरेच दिवस घेतले होते. दिलेलं नाव, घेणारी गेली म्हणून मोकळं होत नाही. मी ते तिच्याकडून परत घेणार नाही. आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याच्याकडून हरकत नाही एवढंच घेऊन मी एका घरात राहू शकणार नाही.

आत्याला मी सांगितलं आहे. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी माझी वेणी घालायला बसली.

एप्रिलपासून मी वापीच्या एका गिरणीत जाते आहे. तिथे मुलींचं वसतिगृह आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. आबा मुंबईला विमानतळावर येतील, तू उगाच नको म्हणू नकोस. ते खूप थकले आहेत, पण त्यांना यायचं आहे. पहिल्या हमीपत्राबद्दल त्यांच्याशी किंवा आत्याशी कधीही बोलायचं नाही. ते माझ्याकडे राहू दे.

ते ताट आत्याने गोधडीखालून काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "हाई आते मोडीत दी टाक." मोडीत द्यायला माझं मन झालं नाही. प्रयोगशाळेत लोखंडी बॉबिनवर आकडे कोरायची विजेची लेखणी असते, ती साहेबांना विचारून एका दिवसासाठी घरी आणली. दुकानदाराने नाव काठाच्या उजवीकडे घातलं होतं, डावीकडची जागा मोकळी होती. मी आधी कागदावर आखून घेतलं. मग यशोधराच्या आधी दोन शब्द कोरले: 'ल्युदमिला ऊर्फ'.

अक्षरं सरळ आली आहेत. तू आल्यावर त्यात जेव.

रूपाली